‘काही त्रास नाही ना?’ हा प्रश्न मी विचारत नाही

टीबीच्या गोळ्या सुरू असलेल्या माणसाला ‘काही त्रास नाही ना?’ असं विचारलं की तो ‘नाही’ म्हणतो. प्रश्नातच उत्तर भरवलंय, तो तरी दुसरं काय म्हणणार? त्यात त्याला घरी जायची घाई असते. त्रास सांगितला तर औषध बदलतील, कोर्स लांबेल, डॉक्टर चिडतील, अशी धाकधूकही असते. आणि खरी गोम अशी की, जे होतंय ते गोळ्यांमुळे होतंय हे त्याच्या गावीच नसतं. पायाला मुंग्या येतात त्या वयामुळे, भूक गेली ती काळजीमुळे, अक्षरं पुसट दिसतात ती चश्म्याचा नंबर वाढला म्हणून. प्रत्येक तक्रारीचं कारण त्याने परस्पर शोधून ठेवलेलं असतं.

मी परिचारिका आहे. छातीच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षं काढली. थुंकीचे रिपोर्ट, वजनकाटा आणि गोळ्यांची पाकिटं यांच्यात दिवस जातो. ‘सिस्टर, सगळं ठीक आहे’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी मी भलतेच वाटतील असे प्रश्न विचारते. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात का? चालताना चप्पल निसटली तर लगेच कळतं, की चार पावलं पुढे गेल्यावर? डावा डोळा झाकून हे वाच बघू. नवे पेशंट पहिल्यांदा माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. दुसऱ्या महिन्यापासून काही जण न विचारताच उत्तरं देऊ लागतात.

नेहमीचा, म्हणजे औषधांना दाद देणारा टीबी असेल तर पहिले दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पहिली दोन, आणि भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांच्यासोबत इथॅम्ब्युटॉलही. हल्ली बहुतेक ठिकाणी ही चारही एकाच गोळीत असतात आणि गोळ्या किती हे वजनावर ठरतं. म्हणून दर महिन्याला मी काट्यावर उभं करते. औषध लागू पडलं की वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन पुढच्या गटात गेलं तर गोळ्यांची संख्याही बदलावी लागते. ‘वजन कशाला, ते तर वाढलंच असेल’ म्हणणाऱ्याला म्हणूनच सोडत नाही.

चार कशाला, एक जालीम औषध का नाही, हे पेशंट हमखास विचारतात. त्याचं उत्तर पार १९४८ पर्यंत मागे जातं. ब्रिटनमध्ये झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या पहिल्या पद्धतशीर चाचणीचे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले, इंजेक्शन मिळालेल्या ५५ पैकी ४. चमत्कारच म्हणायचा. पण एकट्या औषधाला जंतू सरावले, आणि सुरुवातीला सुधारलेले बरेच जण पुन्हा खालावले. त्याच चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना चक्कर येत होती, कारण ते औषध कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा करतं. म्हणजे टीबीचं पहिलं खरं औषध आलं तेच हे दोन प्रश्न घेऊन: जंतूंचा प्रतिकार आणि दुष्परिणाम. आजही आमचं सगळं काम याच दोहोंच्या मधे चालतं.

आता चप्पल. आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं आणि सॅनेटोरियमं, म्हणजे टीबीच्या पेशंटना विश्रांतीसाठी ठेवायची रुग्णालयं, ओस पडायला सुरुवात झाली. स्वस्त, प्रभावी, गोळीच्या रूपात. पण ते शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व लघवीवाटे बाहेर घालवतं, आणि त्याच्यावाचून नसांचे हाल होतात. सुरुवात तळपायापासून. आधी मुंग्या, मग जळजळ, मग बधिरपणा. बधिरपणाची अडचण अशी की जे जाणवत नाही त्याची तक्रार करायची कशी? ‘पाय बधिर झालेत का?’ विचारलं तर ‘नाही’ येतं. चपलेचं विचारलं की माणूस थबकतो आणि म्हणतो, ‘हो, परवा मागे राहिली होती खरी.’

मधुमेह, दारू, गरोदरपण, एचआयव्ही, मूत्रपिंडाचा आजार, मुळातच कुपोषण, यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. अशांना पहिल्या दिवसापासून बी-६ची, म्हणजे पायरिडॉक्सिनची, रोज १० ते २५ मिलिग्रॅमची गोळी देतात. बरेच डॉक्टर सगळ्यांनाच देतात. ही गोळी पाकिटात सगळ्यात छोटी आणि सगळ्यात दुर्लक्षित. ‘ती तर ताकदीची आहे ना?’ म्हणून बाजूला ठेवलेली मी कितीदा पाहिली आहे. आणि दुसऱ्या टोकाला, ताकदीचीच आहे म्हणून मनाने दोन-तीन घेणारेही भेटतात. तसंही करू नये. बी-६ दीर्घकाळ फार मोठ्या मात्रेत घेतलं तर ते स्वतःच नसांना इजा करतं.

डोळ्यांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त किरकिर करते, आणि त्याबद्दल मला अजिबात ओशाळं वाटत नाही. इथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्यामागच्या नसेला सूज आणतं. धोका मात्रेवर अवलंबून असतो. किलोमागे १५ मिलिग्रॅमला कमी, २५ला बराच जास्त. शिवाय हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर नेहमीचीच मात्रा अंगात साठत जाते. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी, बघायचं आणि डोळे तपासायचे. नंतर महिन्याच्या महिन्याला.

तपासायचे म्हणजे एकेक करून. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा वाईटाची लाज राखतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी उलगडते, पेशंटच्या हातात देते, तळहाताने एक डोळा झाकायला सांगते. बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून दिसतं. एक ओळ वाच. आता दुसरा डोळा. गेल्या महिन्यात ज्या अंतरावर वाचलं होतं तेवढ्याच अंतरावर. मग रंगांच्या ठिपक्यांतले आकडे असलेला तक्ता, कारण दृष्टी मंदावण्याच्या आधी कधी कधी लाल-हिरव्याची ओळख बिघडते.

एक शिक्षिका यायच्या. हुशार, वक्तशीर, एक डोस चुकवला नाही. ‘डोळे उत्तम आहेत हो सिस्टर, रोज गठ्ठ्याने पेपर तपासते.’ मी म्हटलं, तपासताना काही वेगळं वाटतं का? तर म्हणाल्या, हल्ली लाल पेनं चांगली येत नाहीत, शाई विटकरी, मळकट दिसते, दोन पेनं बदलली. मी माझ्या खिशातलं लाल पेन काढून कागदावर रेघ मारली आणि एकेक डोळ्याने बघायला सांगितलं. उजव्या डोळ्याला लाल, डाव्याला विटकरी. त्याच दिवशी डॉक्टरांनी इथॅम्ब्युटॉल थांबवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांची नजर हळूहळू, काही महिन्यांनी, पूर्ववत झाली. सगळ्यांची होतेच असं नाही, म्हणूनच ही घाई. लहान मुलांना तर हे सांगताही येत नाही. मूल अचानक वस्तू चाचपडू लागलं, चित्रं अगदी नाकाशी धरू लागलं, तर आईबापांनीच ओळखायचं.

पायराझिनामाइडबद्दल थोडक्यात. ते युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही. त्यामुळे ते घेणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं युरिक अ‍ॅसिड वाढतं. कुणीतरी हौसेने ती तपासणी करतं, रिपोर्टात लाल अक्षरात आकडा येतो, आणि घरात घबराट. आकडा वाढला म्हणून औषध थांबवत नाहीत. खांदे, गुडघे, बोटांचे सांधे दुखले तर साध्या वेदनाशामकाने बहुधा भागतं, पण ते कोणतं घ्यायचं हे विचारून. पूर्वीपासून गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार, असेल त्याची गोष्ट निराळी, त्याने ते पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.

आणि आता यकृत. चारांपैकी इथॅम्ब्युटॉल या बाबतीत गरीब. बाकीची तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात, त्यातही पायराझिनामाइड जास्त. गोळ्यांच्या दुष्परिणामांनी माणसाच्या जिवावर बेतलं तर ते बहुतेक याच वाटेने, म्हणून इथे हयगय नको.

अडचण अशी की मळमळ सुरुवातीला कितीतरी जणांना होते. एवढ्या गोळ्या एकदम पोटात गेल्यावर पोट कुरकुरणारच. मग साधी मळमळ कुठली आणि यकृताची कुठली? माझा अनुभव असा: साधी मळमळ गोळ्यांच्या मागोमाग येते आणि काही तासांत ओसरते. गोळ्या थोडं खाऊन किंवा झोपताना घेतल्या की कमी होते. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी जास्त चांगलं शोषलं जातं हे खरं, पण रिकाम्या पोटी घेऊन उलटून टाकण्यापेक्षा थोडं खाऊन पोटात राहिलेलं बरं. यकृताची मळमळ दिवसभर मागे लागते, अन्नाचा वासही नकोसा होतो, अंगातलं त्राण जातं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं.

याहून पक्की खूण भुकेची. टीबीत भूक मेलेली असते. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत ती परत येते, घरचे खूश होतात. ती परत आलेली भूक पुन्हा गेली, तर माझे कान टवकारतात. यकृताचे त्रास बहुतांशी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होतात. त्या काळात मी ‘जेवण कसं आहे?’ असं मोघम विचारत नाही. गेल्या आठवड्यापेक्षा ताटात जास्त उरतं का, असं विचारते, आणि उत्तर पेशंटपेक्षा सोबत आलेल्या माणसाकडून घेते.

लघवीच्या रंगाने तर फार घोळ होतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. घाम, अश्रू, थुंकीसुद्धा रंगते, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या डागाळतात. हे निरुपद्रवी आहे आणि आधी सांगितलेलं नसेल तर माणूस रक्त जातंय म्हणून हादरतो. म्हणून आम्ही आधीच सांगतो. पण सांगितल्याचाही तोटा आहेच: पुढे खरोखर कावीळ झाली आणि लघवी गडद झाली, की तो निवांत असतो, ‘सिस्टर म्हणाल्या होत्या रंग येतो.’ कावीळ ओळखायची सोपी खूण औषधानेच झाकून टाकलेली. म्हणून मी दुसऱ्या दोन गोष्टी बघायला लावते. औषधाचा रंग गोळ्यांनंतरच्या तासांत गडद असतो आणि पुढे फिका होत जातो. काविळीची लघवी दिवसभर गडदच राहते. आणि डोळ्यांचा बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघायचा, तोही दिवसाउजेडी, खिडकीशी उभं राहून, खालची पापणी ओढून, नजर वर करून. पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांनाच कावीळ दिसते किंवा कुणालाच दिसत नाही.

रक्ततपासणीचे आकडे हा वेगळा विषय, पण एवढं माहीत असावं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, थोडं वाढणं बऱ्याच जणांत होतं आणि औषध चालू असतानाच आपोआप खाली येतं. त्रास होत असेल आणि एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, किंवा काहीही त्रास नसताना पाचपटीहून जास्त असेल, तर यकृताला जाच देणारी औषधं थांबवतात. समजा प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० आहे, तर त्रास असताना १२०च्या वर, नसताना २००च्या वर. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, वाढून कावीळ दिसत असेल तर या गणिताची वाट बघत नाहीत. रोज दारू घेणारे, हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले, वयस्कर, आधीच यकृताचा आजार असलेले, यांच्या तपासण्या वरचेवर करतात. बाकीच्यांना त्रासाकडे लक्ष ठेवणं नेमक्या तारखेच्या तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण यकृत दोन तपासण्यांच्या मधेही बिघडतं.

औषधं थांबली की घरचे घाबरतात: आता टीबी उसळेल, जंतू बिलंदर होतील. इथे एक गोष्ट मी ठासून सांगते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळं काही दिवस थांबवणं आणि आपल्या मनाने त्यातलं निम्मं घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जंतू औषधांना सरावतात ते अर्धवट घेतल्याने, एक दिवस घेऊन दोन दिवस सोडल्याने. कावीळ दिसली, नजर पुसट झाली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आजार जोरात असेल तर मधल्या काळात यकृताला सोसतील अशी दुसरी औषधं देतात. एसजीपीटी दुपटीच्या खाली आलं की मूळ औषधं एकेक करून परत आणतात. आधी रिफाम्पिसिन, बहुधा इथॅम्ब्युटॉलच्या जोडीने, मग तीन ते सात दिवसांनी आयसोनियाझिड, दर टप्प्याला रक्त तपासून. पायराझिनामाइड सगळ्यात शेवटी, आणि आधीचा तडाखा मोठा असेल तर कधीच नाही. ते वगळलं तर कोर्स सहाऐवजी नऊ महिन्यांवर जातो. पेशंटला हे नऊ महिने शिक्षेसारखे वाटतात. मला ते सुटका वाटतात, पण मी तसं बोलून दाखवत नाही.

रिफाम्पिसिनचा आणखी एक उद्योग आहे आणि तो विचारल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. ते यकृतातली इतर औषधांचा निकाल लावणारी यंत्रणा जोरात चालू करतं, त्यामुळे दुसरी औषधं वेळेआधीच संपतात. गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत, अगदी कोर्स संपल्यावरही काही आठवडे. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं वॉरफरिन कमी पडतं, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टिरॉइड, एचआयव्हीची काही औषधं यांच्या मात्रा बदलाव्या लागतात. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ याला बाया ‘नाही’ म्हणतात, कारण गर्भनिरोधक गोळीला कुणी औषध समजत नाही, आणि सोबत सासू किंवा भाऊ उभा असतो. मी काहीतरी निमित्ताने सोबतच्या माणसाला बाहेर पाठवते आणि थेट विचारते. वॉरफरिनवाल्यांचा धोका उलटाही आहे: टीबीचा कोर्स संपला की रिफाम्पिसिनचा जोर दोनेक आठवड्यांत ओसरतो, वाढवून ठेवलेली मात्रा जास्त होते, आणि रक्तस्राव होऊ शकतो. कोर्स संपल्याच्या आनंदात ही तपासणी राहून जाते.

खाज हा रोजचा प्रकार. नुसती खाज, थोडे चट्टे असतील तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर कोर्स चालू राहतो. पण ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, त्वचा सोलणं यांपैकी काही असेल तर सगळं बंद आणि लगेच दवाखाना. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे जांभळट ठिपके, हिरड्यांतून रक्त, असं काही दिसलं तर प्लेटलेट तपासायच्या. त्या रिफाम्पिसिनमुळे पडल्या असतील तर ते औषध त्या माणसाला पुन्हा कधीच द्यायचं नसतं.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत प्रश्न बदलतात. पूर्वी या पेशंटना दीड-दोन वर्षं औषधं आणि महिनोन्महिने इंजेक्शनं असायची. तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून हलक्या आवाजात नाव घ्यायची, ऐकू येतंय का बघायला. काहींना यायचं नाही. इंजेक्शनने कान गेलेल्यांना ते परत मिळाले नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिन्यांचा, निव्वळ गोळ्यांचा कोर्स सुचवला: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात चांगली बातमी.

पण लिनेझोलिडचं ओझं आहेच. सुरुवातीच्या एका अभ्यासात, रोज १२०० मिलिग्रॅमच्या मात्रेने, १०९ पेशंटपैकी ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला आणि जवळपास निम्म्यांच्या रक्तपेशी कमी झाल्या. नंतर मात्रा ६०० वर आणली. तरी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सुरुवातीला वरचेवर बघाव्या लागतात, आणि डोळ्यांची ती बारीक अक्षरांची घडी इथेही उपयोगी पडते, कारण लिनेझोलिडही डोळ्याच्या नसेवर जातं. एकाच कोर्समध्ये पाय, डोळे, रक्त आणि हृदय असं चारी बाजूंनी बघायचं असतं.

हृदय बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनमुळे. ईसीजीतला क्यूटी नावाचा कालावधी दोन्हीमुळे लांबतो. ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर ठोके बेताल होण्याची भीती असते, औषध थांबवून पोटॅशियम तपासतात. इथे ‘चक्कर येते का?’ हा प्रश्न पुरत नाही. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, की बसल्याजागी धडधडून शुद्ध हरपल्यासारखं होतं, हे वेगवेगळं विचारते. आणि बेडाक्विलिन अंगातून अतिशय सावकाश जातं, निम्मं व्हायलाच साडेपाच महिने लागतात. म्हणून कोर्स संपल्यावर उपचाराचं कार्ड परत न घेता मी पेशंटकडेच ठेवायला सांगते. पुढच्या वर्षभरात सर्दी-खोकल्यासाठी, उलट्यांसाठी, झोपेसाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ते आधी दाखवा, कारण क्यूटी लांबवणारी औषधं या साध्या दुखण्यांतही सर्रास लिहिली जातात.